सुट्टीतील काम आणि शासकीय विद्यावेतन (ठाणे व नवी मुंबई)

सुट्टीत किंवा शिक्षण संपताच काम शिकणाऱ्या तरुणांना सरकारी तिजोरीतून मिळणारा मोबदला. ‘कॅनडा समर जॉब्स’ योजनेत हा पैसा मालकाला मिळतो: 15 ते 30 वयाच्या तरुणाला कामावर घेतल्यास ना-नफा संस्थेला किमान वेतन पूर्ण, छोट्या खासगी उद्योगाला निम्म्यापर्यंत. महाराष्ट्रात तो थेट उमेदवाराच्या खात्यात येतो. मे महिन्याच्या सुट्टीशी मात्र त्याचा काडीचाही संबंध नाही.

राज्यातील मोठी योजना म्हणजे 2024 ची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना. वय 18 ते 35. बारावी उत्तीर्णास दरमहा 6,000, आयटीआय किंवा पदविकाधारकास 8,000, पदवीधरास 10,000 रुपये. मुदत सुरुवातीला सहा महिने होती. शिक्षण चालू असलेला उमेदवार अपात्र, ही अट जाहिरातींत सहसा शेवटी असते. त्यामुळे एसवायची परीक्षा आटोपून महापे, रबाळे किंवा वागळे इस्टेटमध्ये दोन महिन्यांचे काम शोधणाऱ्याला तिचा उपयोग नाही. पंतप्रधान इंटर्नशिप योजनाही पूर्णवेळ विद्यार्थ्यांना वगळते. त्यांच्या वाट्याला उरते ती महाविद्यालयातली ‘कमवा व शिका’ योजना: ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय अशा ठिकाणी तासांवर काम. नव्या शैक्षणिक धोरणातील ऑन जॉब ट्रेनिंगला श्रेयांक मिळतात, पैसे मिळतीलच असे नाही.

युवा कार्य प्रशिक्षण योजनेची नोंदणी राज्य शासनाच्या ‘महास्वयम’ या रोजगार पोर्टलवर होते. इथे जिल्हा निवडताना घोळ होतो. ऐरोली ते बेलापूर ठाणे जिल्ह्यात, पण खारघर, कामोठे, कळंबोली पनवेल तालुक्यात, म्हणजे रायगडमध्ये. पत्त्यात ‘नवी मुंबई’ असल्याने खारघरचा उमेदवार ठाणे निवडून मोकळा होतो.

पैसे अडकण्याचे नेहमीचे कारण बँक खाते. पासबुकात आधार क्रमांक नोंदलेला असणे पुरेसे नाही. खाते थेट लाभ हस्तांतरणासाठी आधारशी ‘सीड’ झालेले, म्हणजे सरकारी पैसे त्याच खात्यात यावेत अशी जोडणी झालेले लागते. दोन-तीन खाती असतील तर रक्कम शेवटी सीड केलेल्या खात्यात जाते, मग अर्जात दुसरे खाते लिहिलेले का असेना. शाळेच्या शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या आणि आता बंद पडलेल्या खात्यावर पैसे परत फिरतात ते यामुळेच. अर्जापूर्वी आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ पाहावे. बँक चुकीची दिसली तर हव्या त्या शाखेत सीडिंगचा संमतीअर्ज द्यावा. केवळ केवायसी करून काम भागत नाही.

दुसरा अडसर हजेरीचा. ती आस्थापनेने ऑनलाइन भरायची असते. ती राहिली की विद्यावेतनही राहते, म्हणून महिनाअखेरीस कार्यालयात विचारून घ्यावे. महिन्यात 10 किंवा अधिक दिवस गैरहजर राहिल्यास त्या महिन्याचे विद्यावेतन मिळत नाही. पहिल्याच महिन्यात काम सोडल्यासही काही मिळत नाही.