‘डाळ बंद करा’ हा सल्ला आला कुठून?

घरात कुणाचं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट काम करेनाशी झाली की रक्तात साठणारा टाकाऊ घटक) वाढलं की दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ताटातली आमटी जाते, कारण डाळीत प्रथिनं असतात. शेजारीपाजारीही हेच सांगतात. या पथ्याचा उगम डायलिसिस (यंत्राने रक्त शुद्ध करणं) सहज मिळत नव्हतं त्या काळात आहे.

१८२७ मध्ये लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलचे रिचर्ड ब्राइट यांनी सूज, लघवीतून जाणारी प्रथिनं आणि खराब झालेली मूत्रपिंडं यांचा संबंध मांडला. तपासणी साधी होती: लघवी चमच्यात घेऊन मेणबत्तीवर धरायची. त्यात प्रथिनं असली की ती अंड्याच्या पांढऱ्यासारखी गोठायची. आजार ओळखता आला, पण त्यावर उपाय नव्हता. हाताशी उरला तो आहार.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉक्टर वॉल्टर केम्पनर यांनी १९३९ पासून मूत्रपिंडाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांना भात, फळं, फळांचा रस आणि साखर एवढ्यावर ठेवलं. मीठ जवळजवळ नाही, प्रथिनं दिवसाला जेमतेम २० ग्रॅम. केम्पनर जर्मनीतून आलेले, उच्चार जड. दोन आठवड्यांनी या, असं सांगितलेली एक बाई घोटाळा होऊन दोन महिन्यांनी परतली, तोवर तेच खात होती. तिची तब्येत लक्षणीय सुधारली होती. आहाराला इतका वेळ द्यावा लागतो, हे त्या गैरसमजातून कळलं.

१९६३-६४ मध्ये इटलीत नेपल्सचे जॉर्डानो आणि पिसाचे जोव्हानेट्टी व माज्जोरे यांनी प्रथिनं अशीच खाली आणली, पण शरीराला अत्यावश्यक अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) मिळतील याची काळजी घेतली. रक्तात साठणारा युरिया प्रथिनांच्या विघटनातून तयार होतो; तो घटला की मळमळ, उलट्या कमी व्हायच्या. डायलिसिसची यंत्रं तेव्हा मोजकीच होती. ‘डाळ बंद’ची मुळं या काळात आहेत, आणि त्या रुग्णांपुढे दुसरी वाटच नव्हती हे विसरता कामा नये.

१९८२ मध्ये बॉस्टनचे मूत्रपिंडतज्ज्ञ ब्रेनर यांनी मांडलं की जास्त प्रथिनांमुळे मूत्रपिंडातल्या उरलेल्या सूक्ष्म गाळण्यांवर दाब वाढतो आणि त्याही झिजतात. मात्र १९९४ मध्ये अमेरिकेतल्या ८४० रुग्णांच्या मोठ्या अभ्यासात कमी प्रथिनांचा फायदा ठळकपणे दिसला नाही. मग नजर एकेका घटकावरून पूर्ण ताटाकडे वळली. आजारी मूत्रपिंडांना फॉस्फरस नीट बाहेर टाकता येत नाही; पण डाळी-धान्यांतला फॉस्फरस फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, शरीर तो कमी शोषतं. पाकीटबंद पदार्थांत मिसळलेला फॉस्फरस मात्र बहुतेक सगळा रक्तात जातो. केडिगो (KDIGO) या मूत्रपिंडविकारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वं वनस्पतिजन्य अन्न वाढवायला, अतिप्रक्रिया केलेलं कमी करायला आणि मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगतात. आपल्याकडे लोणचं-पापडाचं मीठ या हिशेबात धरलंच जात नाही.

मूत्रपिंडविकार असलेल्या, पण डायलिसिसवर नसलेल्या प्रौढांना तीच तत्त्वं साधारणपणे किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिनं सांगतात. ६० किलोच्या माणसाला ४८ ग्रॅम. ३० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत ती सुमारे ७ ग्रॅम असतात. म्हणजे वाटीभर वरणाला जागा आहे. रक्तातलं पोटॅशियम वाढलं असेल तर भाजी चिरून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यावं. ‘कमी सोडियमचं’ मीठ मात्र अशा रुग्णाला धोक्याचं, कारण त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं.

आणि डायलिसिस सुरू झालं की हिशेब उलटतो. प्रत्येक वेळी अमिनो आम्लं वाहून जातात, म्हणून गरज किलोमागे १ ते १.२ ग्रॅमवर जाते. तरीही कितीतरी घरांत जुनं पथ्य तसंच चालू राहतं, माणूस खंगत जातो आणि घरच्यांना वाटतं, आजारच वाढतोय.