मनाली-लेह सायकलने: खरा हिशेब मुक्कामाचा

सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण 460 मीटरवर आहे आणि मनाली-लेह रस्त्यावरची तांगलांग ला खिंड 5,328 मीटरवर. मे महिन्याच्या उन्हात सायकल हाणणाऱ्या इथल्या मंडळींचे पाय तिथे कमी पडत नाहीत, हवा कमी पडते. हवेतला ऑक्सिजन तिथेही 21 टक्केच असतो. पण हवेचा दाबच निम्म्यावर आलेला असतो, म्हणून एका श्वासात ऑक्सिजनही निम्माच येतो.

शरीर यातून वाट काढतं, पण आपल्या सवडीने. आधी श्वास वाढतो. त्यामुळे कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो आणि रक्त अल्कधर्मी होतं. मूत्रपिंडं बायकार्बोनेट हा अल्कधर्मी घटक बाहेर टाकून हा तोल सावरतात, त्याला काही दिवस लागतात. तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे. सरावाने यातलं काहीच लवकर होत नाही. उलट गटातला सगळ्यात तगडा गडीच आधी आजारी पडू शकतो, कारण तो सगळ्यात वेगाने वर गेलेला असतो.

म्हणून चढ कितीही चढा, झोपायची उंची जपा. 3,000 मीटरच्या वर एका रात्रीत मुक्काम 500 मीटरपेक्षा जास्त उंचावायचा नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती घ्यायची. या रस्त्यावर नेमकी इथेच गोची होते. जिस्पा 3,200 मीटरच्या आसपास आणि बारालाचा ला ही खिंड ओलांडल्यावर सर्चू जवळजवळ 4,300 मीटरवर. एका दिवसात 1,100 मीटरची उडी! सर्चूच्या तंबूत रात्रभर डोकं ठणकतं ते यामुळे. जिस्पाला किमान दोन रात्री काढा. मधल्या दिवशी दारच्याच्या पुढे पत्सिओच्या बाजूला चढून जा आणि झोपायला खाली परत या. हा दिवस वाया गेला असं वाटतं, पण पूर्ण सहलीत याच्याइतका कामाचा दिवस दुसरा नाही.

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं ही सुरुवात. ती असताना वर जायचं नाही. सरळ रेषेत टाचेला बोटं लावून चालताना तोल जात असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर रात्र असली तरी त्या आजाऱ्याला गाडीने खाली न्यायचं, सोबत माणूस देऊन. उंचीचा त्रास टाळायचं औषध, अॅसिटाझोलामाइड (125 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा), चढाईच्या आदल्या दिवसापासून घेतात, पण डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अॅलर्जी असेल तर ते आधी सांगा.

आता गिअर. माणूस, सायकल, सामान मिळून 95 किलो धरू. 6 टक्के चढावर पुढच्या चक्रीला 22 आणि मागच्या चक्रीला 34 दात असतील, तर मिनिटाला 60 पॅडलला वेग पडतो ताशी 5 किलोमीटर आणि लागते सुमारे 80 वॅट शक्ती. पुढे-मागे सारखेच दात असतील तर तेवढ्याच पॅडलला 120 वॅट. विरळ हवेत हा फरक गुडघ्याला आणि छातीला चांगलाच कळतो. तुळजापूरचा घाट भरलेल्या पॅनिअरसह (कॅरिअरला लटकवायच्या पिशव्या) सलग चार-पाच वेळा चढून बघा. उभं राहून पॅडल मारावं लागत असेल तर गिअर बदलून घ्या. या रस्त्यावरच्या गाटा लूप या चढाची 21 वळणं उभ्याने निघत नाहीत.

सोबत कडक भाकरी न्याच. पाण्याचा अंश जेमतेम असल्याने ती टिकते आणि शिजवावी लागत नाही. 4,800 मीटरवर पाणी 84 अंशांच्या आसपासच उकळतं, तिथे कुकरशिवाय डाळ शिजत नाही. भाकरी-गूळ चढावर खा, शेंगादाण्याची चटणी संध्याकाळी. एक लिटर ऑक्सिजनमागे पिष्टातून सुमारे 5 किलोकॅलरी मिळतात, तेलातून 4.7. फरक लहान, पण तिथे ऑक्सिजनच महाग.

टायरची एक गंमत आहे. सोलापुरात 35 अंशांत 50 पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) हवा भरली, तर खिंडीत बाहेरचा दाब कमी झाल्याने टायर सहा पीएसआयने घट्ट व्हायला हवा. पण शून्य अंशांच्या थंडीत आतली हवा आकसते आणि काटा पुन्हा 49-50 वर येतो. खरा धोका उतारावर आहे. 1,000 मीटर उतरताना 95 किलो वजनाची सुमारे 9.3 लाख ज्यूल ऊर्जा सुटते, तीन लिटर पाण्याला उकळी आणेल एवढी. काही वारा खातो, बाकी ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. ब्रेक सतत दाबून धरला तर पॅड चकाकतात आणि पकड जाते, रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर दाबणारा) असेल तर रिम तापून ट्यूब फुटू शकते. वळणाआधी दोन्ही ब्रेक जोरात दाबून वेग पाडा आणि लगेच सोडा. तांगलांग ला उतरून खालच्या रुमत्से गावी पोचेपर्यंत दोन-तीनदा थांबा, डिस्क ब्रेक असेल तर तापलेल्या चकतीला हात न लावता पॅडची जाडी बघा. दीड मिलिमीटरच्या खाली आलेला पॅड तिथेच बदला.