वंध्यत्वोपचारातील मनःस्थितीचे बदल

गर्भधारणेसाठी संप्रेरकांची औषधे घेणाऱ्या अनेक स्त्रियांना चिडचिड, कारण नसताना रडू येणे, धास्ती, झोप उडणे असा त्रास होतो. ‘हार्मोन्समुळे होतंय’ म्हणून त्याची बोळवण केली जाते. पण यातली सगळी औषधे एका जातीची नाहीत. काही तर एकमेकांच्या उलट काम करतात.

बीज तयार व्हावे म्हणून दिले जाणारे क्लोमिफीन १९६०च्या दशकापासून वापरात आहे. गोळ्या पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यान सुरू करून पाच दिवस घ्यायच्या. हे औषध मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला, म्हणजे संप्रेरकांवर लक्ष ठेवणाऱ्या भागाला, फसवते: रक्तात इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक असूनही ते कमी पडल्याचे त्याला भासते आणि बीजकोशांना चेतवणारी संप्रेरके वाढतात. अंगातून वाफा निघणे आणि चिडचिड यांचे मूळ याच फसवणुकीत असावे. या औषधाचा एक घटक शरीरात काही आठवडे रेंगाळतो, त्यामुळे ‘गोळ्या संपल्या, तरी अजून असं का होतंय?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. याच कामासाठी दिली जाणारी दुसरी गोळी, लेट्रोझोल, त्या मानाने लवकर निघून जाते. वंध्यत्वासाठी त्याच्या वापरावर भारतात २०११ मध्ये बंदी आली होती. ती २०१७ मध्ये उठली.

आयव्हीएफच्या (टेस्ट-ट्यूब बेबीच्या) लांब पद्धतीत आधी बीजकोश औषधाने शांत केले जातात आणि तिशीतल्या बाईला रजोनिवृत्तीची झलक मिळते. मग रोजच्या इंजेक्शनांनी इस्ट्रोजेन नेहमीच्या कितीतरी पट चढते. पुढे येते प्रोजेस्टेरॉन, गर्भाशयाचे अस्तर गर्भासाठी तयार करणारे संप्रेरक. त्यापासून मेंदूत तयार होणारा अ‍ॅलोप्रेग्नॅनोलोन हा पदार्थ एरवी गुंगी आणणारा, शांत करणारा. काहींना मात्र त्यानेच अस्वस्थता येते.

औषध किती आणि काळजी किती, हे वेगळे काढणे अवघडच. फ्रिजच्या दारात भाजीच्या मसाल्यांशेजारी इंजेक्शनांचा डबा, ट्रिगरचे (बीजे पक्व करणारे) इंजेक्शन मिनिट चुकवायचे नाही म्हणून लावलेला गजर, आणि भ्रूण सोडल्यावर बीटा एचसीजी या गर्भधारणेच्या रक्ततपासणीपर्यंतचे दीडदोन आठवडे. त्यात नातेवाइकांचे ‘काही गोड बातमी?’ चालूच. चिंता सर्वाधिक वाढते ती बीजे काढण्याच्या दिवशी आणि निकालाच्या आसपास. म्हणजे दोष एकट्या औषधाचा नव्हे.

सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायदा, २०२१ नुसार समुपदेशन करणे आणि दुष्परिणामांची कल्पना देणे ही क्लिनिकची जबाबदारी आहे. पूर्वी नैराश्य येऊन गेले असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावे. त्याची चालू गोळी परस्पर बंद करू नये. उदासी दोन आठवडे हटली नाही किंवा जीव द्यावासा वाटू लागला, तर पाळीची वाट न पाहता लगेच मानसोपचारतज्ज्ञ गाठावा.