तळपायाचा मेलॅनोमा

तळपाय, तळहात किंवा नखाखाली होणारा रंगपेशींचा दुर्मीळ आणि आक्रमक कर्करोग. वैद्यकीय नाव ॲक्रल मेलॅनोमा. भारतीयांत मेलॅनोमा एकूणच कमी आढळतो, पण जो आढळतो त्यात या जागांचा वाटा मोठा असतो. गोऱ्या लोकांच्या मेलॅनोमामागे मुख्यतः ऊन असते. तळपायाला ऊन लागतेच कुठे? त्यामुळे ‘आपण सावळे, आपल्याला कातडीचा कॅन्सर होत नाही’ हा समज इथे घात करतो.

डाग बहुधा दुखत नाही. नवी मुंबई परिसरात, कळव्यापासून उरणपर्यंत कुठेही आधी त्याला घरगुती नाव मिळते: कुरूप, चामखीळ, पावसाळ्यात चिखल्या, नखापाशी असला तर नखुरडे. मग कॉर्न कॅप चिकटवली जाते, ब्लेडने खरवडले जाते. सर्वांत वाईट म्हणजे तपासणीला तुकडा न पाठवता डाग जाळून टाकणे. पुरावाच नाहीसा होतो आणि मुळाशी उरलेली गाठ वाढत राहते.

त्वचारोगतज्ज्ञ डर्मोस्कोप, म्हणजे दिव्याचे भिंग, टेकवून पाहतो. तळपायाच्या कातडीवर बोटांच्या ठशांसारख्या रेघा असतात: उंचवटे आणि त्यांच्यामधल्या चरी. उंचवट्यांवर घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके ओळीने दिसतात, त्यावरून उंचवटा कोणता ते कळते. साध्या तिळाचा रंग बहुधा चरींत साचतो. मेलॅनोमाचा रंग उंचवट्यांवर पसरतो. नखाखालचा मार लागलेला काळा डाग नखाबरोबर पुढे सरकतो. एकाच नखातली रुंदावत जाणारी, शेजारच्या कातडीवर उतरलेली काळी पट्टी मात्र तातडीने तपासावी.

निदान बायोप्सीनेच पक्के होते. शक्य असेल तर अख्खा डाग अरुंद कडेसह काढतात. वरवर खरवडलेला नमुना चालत नाही, कारण गाठीची खोली मोजायची असते. ही खोली, ब्रेस्लो जाडी, मिलिमीटरमध्ये सांगतात आणि पुढचे बरेचसे उपचार या एका आकड्यावर ठरतात. काही मेलॅनोमांत रंग कमी किंवा नसतोच. अशा वेळी नमुन्यातल्या रंगपेशी ओळखण्यासाठी त्याला खास रंग देऊन करायच्या एस-100, एचएमबी-45, मेलन-ए यांसारख्या चाचण्या लागतात. आजार दुर्मीळ असल्याने दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचे मत घेणे योग्यच. टाटा मेमोरियल सेंटरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग उपचार व संशोधन केंद्र, म्हणजे लोकांच्या तोंडी ‘खारघरचे टाटा’, नवी मुंबईतच आहे. कुठेही दुसरे मत घेताना नुसता रिपोर्ट पुरत नाही. नमुन्याच्या काचेच्या स्लाइड आणि तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक सोबत न्यावा.

मुख्य उपचार शस्त्रक्रिया. जाडी 1 मिमीपर्यंत असेल तर भोवतीची 1 सेंमी निरोगी कातडी काढतात, 2 मिमीपेक्षा जास्त असेल तर 2 सेंमी. जाडी साधारण 1 मिमीच्या पुढे असल्यास जांघेतली पहिली रसग्रंथी, म्हणजे आजार पसरलाच तर आधी जिथे पोहोचतो ती, शोधून तपासतात. पसरलेल्या आजारात पेम्ब्रोलिझुमॅब, निव्होलुमॅब ही प्रतिकारशक्तीला जागे करणारी औषधे देतात. ती महाग आहेत आणि तळपायाच्या मेलॅनोमात उन्हाच्या मेलॅनोमाइतका गुण देत नाहीत. गाठीच्या पेशींत बीआरएएफ जनुकातला बदल इथे कमी सापडतो, केआयटीमधला तुलनेने जास्त. म्हणून अशा बदलावर नेमक्या काम करणाऱ्या गोळ्या सुरू करण्याआधी जनुकचाचणी करतात.

टाचेवरची जखम भरणे हे वेगळेच कौशल्य. मांडीची पातळ कातडी शरीराच्या भाराने फाटते, म्हणून प्लास्टिक सर्जन बऱ्याचदा तळव्याच्या कमानीतली, जमिनीला न टेकणारी जाड कातडी तिच्या रक्तवाहिनीसकट टाचेवर फिरवतात. तिथली संवेदना टिकते, आणि पेशंटला चप्पल घालून पुन्हा चालता येते.