नियंत्रण गटाचा वाद: गरीब देशांतील औषधचाचण्यांची पार्श्वभूमी

उष्ण कटिबंधातील गरीब देशांमध्ये संसर्गजन्य रोगांवर होणाऱ्या संशोधनाबद्दल आज ज्या भाषेत बोलले जाते, ती बहुतांशी १९९४ ते २००२ या आठ वर्षांत घडली. त्यामागचा इतिहास मोठा आहे; परंतु संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या नीतिसमित्यांपुढे आजही येणाऱ्या आक्षेपांची मुळे शोधू लागले, की आपण या आठ वर्षांतल्या एका निर्णयापाशी येऊन थांबतो. गर्भवतीकडून बाळाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग रोखण्यासाठी जे उपचार तपासले जात होते, त्यांच्या चाचण्यांत तुलनेसाठी ठेवलेल्या, म्हणजे नियंत्रण गटातील स्त्रियांना प्लासीबो, म्हणजे औषधी गुण नसलेली गोळी, देण्याचा तो निर्णय होता.

वसाहतकाळाबद्दल थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. लिव्हरपूल आणि लंडन येथे १८९८ आणि १८९९ मध्ये उष्ण कटिबंधीय वैद्यकाच्या संस्था निघाल्या, तेव्हा वसाहतींचा कारभार, सैन्य आणि व्यापार चालू राहावा ही गरज त्यांच्यामागे होती आणि रुग्णाची संमती हा विषयच नव्हता. १९०६-०७ मध्ये व्हिक्टोरिया सरोवरातील सेसे बेटांवर निद्रारोगाच्या रुग्णांना अ‍ॅटॉक्सिल हे आर्सेनिकयुक्त औषध देण्यात आले आणि त्यांच्यापैकी काहींची दृष्टी कायमची गेली. पुढे वसाहती स्वतंत्र झाल्या आणि प्रश्न विचारणारेही निदान काही ठिकाणी बदलले. १९५०च्या दशकात मद्रासमध्ये क्षयरोग्यांचे दोन गट करून एकाला आरोग्यधामात आणि दुसऱ्याला घरीच तीच औषधे देण्यात आली. घरी राहिलेले रुग्ण जवळपास तितकेच बरे होतात आणि त्यांच्या कुटुंबीयांना होणारा धोका वाढत नाही, हे १९५९ साली प्रसिद्ध झाले. खाटांच्या टंचाईतून निघालेल्या या प्रश्नाच्या उत्तराने श्रीमंत देशांतील क्षयोपचाराचीही दिशा बदलली. स्थानिक अडचणीतून आलेला प्रश्न शास्त्रीयदृष्ट्या दुय्यम नसतो, याचा इतका स्पष्ट पुरावा हाती असूनही पुढचा वाद तो नसल्यासारखाच लढवला गेला.

संशोधनाच्या बाजारपेठेत या देशांचे स्थान काय होते, हे सांगणारा आकडा प्रसिद्ध आहे. १९७५ ते १९९९ या पंचवीस वर्षांत जगात १३९३ नवी औषधे बाजारात आली. त्यांपैकी उष्ण कटिबंधीय रोग आणि क्षयरोग मिळून फक्त १६ औषधे होती. एचआयव्ही या नियमाला अपवाद ठरला, कारण हा रोग श्रीमंत देशांतही होता. त्यामुळे औषध आधी तिथे सिद्ध झाले आणि ते इथे कसे वापरायचे, हा प्रश्न मागाहून आला. वादाचे बीज या क्रमातच होते.

अमेरिका आणि फ्रान्समध्ये झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ मध्ये जाहीर झाले. झिडोव्हुडिन हे विषाणूविरोधी औषध गर्भावस्थेच्या १४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान सुरू करून दिवसातून पाच वेळा तोंडाने, प्रसूतीच्या वेळी शिरेतून आणि जन्मानंतर सहा आठवडे बाळाला दिले असता संसर्गाचे प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आले. श्रीमंत देशांत काही महिन्यांतच हा उपचार रूढ झाला. एका मायलेकरामागे केवळ औषधाचाच खर्च ८०० डॉलरच्या वर जात होता, आणि मलावीसारख्या देशात आरोग्यावर होणाऱ्या दरडोई वार्षिक तरतुदीच्या तो सहाशे पटींहून अधिक होता. खर्च बाजूला ठेवला, तरी इतर अडचणी उरतच होत्या. अनेक स्त्रिया दवाखान्यात पहिल्यांदा येत त्या गर्भावस्थेच्या अखेरच्या टप्प्यात. प्रसूतीच्या वेळी सलाइन लावण्याची सोय सर्वत्र नव्हती. आणि मूळ चाचणीतल्या मातांनी बाळाला अंगावर पाजले नव्हते, तर आफ्रिकेतील बहुसंख्य मातांपुढे दुसरा सुरक्षित पर्याय नव्हता.

त्याच वर्षी जूनमध्ये जिनिव्हा येथे तज्ज्ञांची बैठक झाली. थोडे दिवस चालणारे, स्वस्त आणि सोपे उपचार तपासावेत आणि ते प्लासीबोशी तुलना करून तपासावेत, कारण उत्तर लवकर आणि निःसंदिग्ध मिळवण्याचा तोच मार्ग आहे, अशी शिफारस तिथे झाली. त्यानंतर थायलंड, आयव्हरी कोस्ट, युगांडा, टांझानिया, दक्षिण आफ्रिका आदी देशांत चाचण्या आखल्या गेल्या. बहुतेकींना परदेशी सरकारांचा पैसा होता आणि स्थानिक नीतिसमित्यांनी त्यांना मंजुरी दिली होती.

सप्टेंबर १९९७ मध्ये अमेरिकेतील एका अग्रगण्य वैद्यकीय नियतकालिकाने या चाचण्यांवर टीका करणारा लेख छापला. विकसनशील देशांतील १६ पैकी १५ चाचण्यांमध्ये काही स्त्रियांना विषाणूविरोधी औषध मिळणार नाही, ज्यांना वाचवता आले असते अशी शेकडो बाळे त्यामुळे बाधित होतील आणि हीच चाचणी अमेरिकेत कोणीही मंजूर केली नसती, असे त्याचे म्हणणे होते. सोबतच्या संपादकीयाने आणखी पुढे जाऊन या चाचण्यांची तुलना अमेरिकेतील टस्कीगी येथे उपचाराविना ठेवलेल्या कृष्णवर्णीय सिफिलिस रुग्णांच्या अभ्यासाशी केली. नियतकालिकाच्या संपादक मंडळातील दोन सदस्यांनी यानंतर राजीनामे दिले. अमेरिकी सरकारच्या ज्या दोन संस्था पैसा पुरवत होत्या, त्यांच्या प्रमुखांनी पुढच्याच महिन्यात त्याच नियतकालिकात उत्तर दिले, आणि युगांडातील एका संशोधन समितीच्या अध्यक्षांनी, आमच्या लोकांसाठी काय नैतिक आहे हे बाहेरच्यांनी ठरवणे हादेखील साम्राज्यवादच आहे, अशा आशयाचे पत्र लिहिले.

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद नीट वेगळे केले, की त्यांचा खरा झगडा एकाच प्रश्नावर होता असे दिसते: चाचणीतील तुलनेच्या गटाला जो प्रमाण उपचार द्यायचा, तो कुठला प्रमाण मानायचा? जगात कुठेही सिद्ध झालेला सर्वोत्तम उपचार, की त्या देशात प्रत्यक्ष मिळणारा उपचार? टीकाकारांच्या मते स्थानिक प्रमाण म्हणून जे सांगितले जाते, ती मुळात गरिबी आणि औषधाची किंमत यांची बेरीज असते. तिला वैद्यकीय प्रमाण म्हणणे म्हणजे औषध कंपनीने ठरवलेल्या भावाला नीतिनियमाचा दर्जा देणे होय. समर्थकांच्या मते प्रश्नच वेगळा होता. अल्प मुदतीचा उपचार लांब मुदतीच्या उपचाराइतका चांगला आहे का, हे जाणून मलावीच्या आरोग्य खात्याला काही उपयोग नव्हता, कारण लांब मुदतीचा उपचार त्याला परवडणारच नव्हता; काहीच न देण्यापेक्षा हा उपचार किती चांगला आहे, एवढे त्याला हवे होते.

या मुद्द्यावर आकडे काय म्हणतात ते पाहणे उद्बोधक आहे. थायलंडमधील प्लासीबोयुक्त चाचणीचे निष्कर्ष फेब्रुवारी १९९८ मध्ये जाहीर झाले. ३६व्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा गोळी घेतलेल्या मातांच्या बाळांमध्ये संसर्ग ९.४ टक्के आढळला, प्लासीबो गटात १८.९ टक्के. म्हणजे तिथे उपचाराविना होणारा संसर्ग अमेरिकी चाचणीतल्या २५.५ टक्क्यांपेक्षा बराच कमी होता. प्लासीबो गट न ठेवता अमेरिकेच्या जुन्या आकड्याशी तुलना केली असती, तर औषधाचा गुण आहे त्यापेक्षा मोठा दिसला असता. समर्थकांचा हा सर्वांत भक्कम पुरावा आहे आणि टीकाकारांनी त्याला द्यावे तितके महत्त्व कधी दिले नाही. मात्र त्याच थायलंडमध्ये दुसऱ्या एका गटाने प्लासीबो न वापरता फक्त वेगवेगळ्या मुदतींची तुलना केली. आई आणि बाळ दोघांनाही अल्प मुदतीचा उपचार मिळालेल्या गटात संसर्ग १०.५ टक्के आणि दोघांनाही दीर्घ मुदतीचा मिळालेल्या गटात ४.१ टक्के आहे, हे मध्यंतरीच्या पडताळणीतच दिसल्याने पहिला गट थांबवण्यात आला, आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांचा धोरणासाठी उपयोगही झाला. प्लासीबोवाचून उत्तर मिळणारच नव्हते, हा दावा त्यामुळे टिकत नाही. लवकर आणि कमी सहभागींमध्ये मिळणार नव्हते, इतकाच टिकतो.

थायलंडचा निष्कर्ष येताच इतर चाचण्यांतील प्लासीबो गट बंद करण्यात आले. युगांडामध्ये प्रसूतीच्या सुरुवातीला आईला नेव्हिरापिन या दुसऱ्या विषाणूविरोधी औषधाची एक गोळी आणि जन्मानंतर तीन दिवसांच्या आत बाळाला एक मात्रा, एवढाच उपचार अल्प मुदतीच्या झिडोव्हुडिनशी ताडून पाहिला गेला. १९९९ मध्ये छापलेल्या निष्कर्षांनुसार १४ ते १६ आठवड्यांच्या वयात संसर्ग १३.१ टक्के विरुद्ध २५.१ टक्के होता. काही डॉलरमध्ये होणाऱ्या या उपचाराने वादातील खर्चाचा मुद्दा जवळजवळ संपवला. त्या चाचणीच्या नोंदी नीट ठेवल्या गेल्या नव्हत्या, असा आरोप काही वर्षांनी झाला. स्वतंत्र तपासणीने २००५ मध्ये निष्कर्ष ग्राह्य ठरवले.

दरम्यान भांडण हेलसिंकी जाहीरनाम्याच्या, म्हणजे माणसांवरील वैद्यकीय संशोधनाच्या नीतितत्त्वांच्या, मसुद्यावर जाऊन पोचले. डॉक्टरांच्या जागतिक संघटनेने १९६४ मध्ये स्वीकारलेल्या या जाहीरनाम्याची २००० साली एडिंबरा येथे मोठी फेररचना झाली. नव्या पद्धतीची तुलना तेव्हा उपलब्ध असलेल्या सर्वोत्तम पद्धतीशी करावी आणि सिद्ध पद्धत नसेल तेव्हाच प्लासीबो चालेल, असे त्यात लिहिले गेले. टीकाकारांचा हा विजय दोन वर्षेच टिकला. २००२ मध्ये एक स्पष्टीकरणात्मक टीप जोडली गेली आणि सबळ पद्धतिशास्त्रीय कारण असल्यास सिद्ध उपचार असतानाही प्लासीबो चालू शकेल, अशी वाट मोकळी झाली. त्यानंतर २००८ मध्ये अमेरिकी औषध नियामकाने परदेशी चाचण्यांच्या नियमांतून या जाहीरनाम्याचा उल्लेखच वगळला.

२०००च्या मसुद्यात आणखी एक कलम होते आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे होते. चाचणी संपल्यावर तिच्यातून सर्वोत्तम ठरलेला उपचार सहभागींना मिळेल याची हमी असावी, असे ते सांगत होते. २००४ मध्ये त्यालाही टीप जोडली गेली आणि हमीच्या जागी, ही व्यवस्था काय असेल ते आधी आराखड्यात नमूद करावे, एवढेच उरले. प्लासीबोच्या कलमावर जितका कागद खर्च झाला, त्याच्या तुलनेत या बदलाकडे फारसे लक्ष गेले नाही. वास्तविक किंमत त्याचीच अधिक मोजावी लागली. दक्षिण आफ्रिकेत नेव्हिरापिन उत्पादकाने पाच वर्षांसाठी मोफत देऊ केले असतानाही सरकारने सार्वजनिक रुग्णालयांत ते प्रत्येक प्रांतातील दोनच केंद्रांपुरते मर्यादित ठेवले होते. जुलै २००२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने आदेश दिल्यावर ही अट गेली.

याच काळातील कानो येथील प्रकरण अनेकदा या वादाबरोबर सांगितले जाते, पण त्याची जात वेगळी आहे. १९९६ मध्ये नायजेरियातील या शहरात मेंदुज्वराची साथ चालू असताना एका परदेशी औषध कंपनीने २०० मुलांवर नव्या प्रतिजैविकाची चाचणी घेतली. तिथे प्लासीबो नव्हते. निम्म्या मुलांना प्रस्थापित औषध मिळाले. ११ मुले दगावली, ५ नव्या औषधाच्या गटातील आणि ६ दुसऱ्या. वाद झाला तो पालकांची संमती खरोखर घेतली होती का आणि तुलनेच्या औषधाची मात्रा पुरेशी होती का, यावर. २००९ मध्ये कंपनीने राज्य सरकारशी ७.५ कोटी डॉलरची तडजोड केली. तुलनेचा गट कागदावर निर्दोष असूनही चाचणी वादग्रस्त ठरू शकते, हे या प्रकरणाने दाखवले.

त्यानंतरच्या घटनांत हे सर्व धागे गुंतलेले आहेत. भारतात दिल्ली, पुणे आणि वेल्लोर येथे सुमारे ६८०० बालकांवर रोटाव्हायरसच्या, म्हणजे लहान मुलांना तीव्र जुलाब करणाऱ्या विषाणूच्या, देशी लशीची चाचणी झाली, तेव्हा दोन परवानाप्राप्त लशी बाजारात होत्या आणि रोटाव्हायरसची लस सर्वत्र द्यावी, अशी जागतिक शिफारस २००९ मध्येच झालेली होती. तरीही एक तृतीयांश बालकांना प्लासीबो दिले गेले. परदेशी लशी राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाहीत आणि गरीब देशांत त्यांचा गुण कमी दिसतो, हे समर्थन १९९७च्या युक्तिवादांशी जवळपास शब्दशः जुळते. लशीचे यश ५३.६ टक्के आले आणि २०१६ पासून ती राष्ट्रीय कार्यक्रमात टप्प्याटप्प्याने दाखल झाली. चाचणीनंतर लाभ मिळतो का, या कसोटीवर हे उदाहरण बऱ्याच इतरांपेक्षा वरचे ठरते, आणि प्लासीबोच्या कसोटीवर तितकेच अडचणीचे.

पश्चिम आफ्रिकेतील इबोलाच्या साथीत, ज्यात ११,३०० हून अधिक लोक मरण पावले, प्लासीबोबद्दलची नाराजी इतकी तीव्र होती की गिनीमध्ये २०१५ साली वेगळाच मार्ग काढण्यात आला. प्रत्येक रुग्णाभोवतीच्या संपर्कातील लोकांचे वर्तुळ धरून काही वर्तुळांना लस लगेच आणि काहींना २१ दिवसांनी देण्यात आली. उशीर हाच तुलनेचा गट झाला. हिवतापाच्या पहिल्या लशीचा पथदर्शी वापर २०१९ मध्ये मलावी, घाना आणि केनियात सुरू झाला, तेव्हा पालकांना आपण अभ्यासात आहोत हे पुरेसे सांगितले जात नाही, अशी टीका झाली. हे नेहमीचे लसीकरण आहे, असे उत्तर देण्यात आले. २०२१ मध्ये त्या लशीची व्यापक शिफारस झाली, पण संशोधन कुठे संपते आणि कार्यक्रम कुठे सुरू होतो, हा प्रश्न तिथे अनुत्तरितच राहिला.

अलीकडची सर्वांत बोलकी चाचणी पुन्हा एचआयव्हीचीच आहे. वर्षातून दोनदा टोचायच्या लेनाकापाविर या एचआयव्ही-प्रतिबंधक औषधाची दक्षिण आफ्रिका आणि युगांडातील तरुण स्त्रियांमध्ये परीक्षा झाली. ते टोचून घेतलेल्या २१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही, असे २०२४ मध्ये जाहीर झाले. या चाचणीत प्लासीबो गट नव्हता. दुसऱ्या गटांना प्रतिबंधक गोळ्या मिळत होत्या आणि त्या समाजात औषधाविना किती संसर्ग झाला असता, याचा अंदाज भरतीच्या वेळच्या तपासण्यांवरून काढला गेला. १९९७ मध्ये जो तोडगा अशास्त्रीय म्हणून नाकारला गेला असता, तो आता नियामकांना मान्य आहे.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हेलसिंकी जाहीरनाम्याची नवी आवृत्ती स्वीकारली गेली आणि त्याच महिन्यात या औषधाच्या उत्पादक कंपनीने सहा जेनेरिक कंपन्यांना १२० देशांसाठी परवाने दिले. २०२७ पासून त्या देशांत हे औषध वर्षाला ४० डॉलरमध्ये मिळेल, असे २०२५ मध्ये जाहीर झाले. याच औषधाची दुसरी मोठी चाचणी ज्या देशांत झाली, त्यांपैकी ब्राझील, अर्जेंटिना, मेक्सिको आणि पेरू यांची नावे मात्र परवान्यांच्या यादीत नव्हती.