सिडर की स्प्रूस? दुसरी क्लासिकल गिटार घेताना

बहुतेकांची पहिली क्लासिकल गिटार प्लायवुडची असते आणि दोन-तीन वर्षं ती छान साथ देते. मग कधीतरी जाणवतं, की आपला उजवा हात हळू आणि जोरात यांत फरक करायला शिकलाय, पण गिटारचं उत्तर दोन्ही वेळा तेच येतंय. तिथून दुसऱ्या गिटारचा शोध सुरू होतो. आणि मग दुकानदार विचारतो, "टॉप कुठला, सिडर की स्प्रूस?"

टॉप म्हणजे समोरची फळी, आणि सिडर, स्प्रूस ही तिची लाकडं. सतारीत जी तबली, तोच गिटारमध्ये टॉप. आवाजाचा जीव त्यातच असतो. आजच्या क्लासिकल गिटारचा घाट ज्याने घालून दिला, त्या स्पेनच्या आंतोनिओ दे तोर्रेसने १८६२ मध्ये एक गिटार बनवली. तिची पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या होत्या, फक्त टॉप नेहमीच्या लाकडाचा. आवाज टॉपमधून येतो हे त्याला दाखवायचं होतं. ती गिटार आजही बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

म्हणून सिडर-स्प्रूसच्याही आधी टॉप सॉलिड, म्हणजे अखंड लाकडाचा, आहे का ते पाहा. "स्प्रूस टॉप" असं लिहिलेल्या स्वस्त गिटारवर बरेचदा स्प्रूसचा पातळ पापुद्रा असतो आणि खाली प्लाय. साउंडहोलच्या, म्हणजे टॉपमधल्या गोल भोकाच्या, कडेवर उजेड पाडा. वरच्या रेषा फळीच्या जाडीतून सरळ खाली उतरताना दिसल्या तर टॉप सॉलिड, कडेला आडवे थर दिसले तर प्लाय. प्लायचा टॉप असेल तर लाकडाच्या नावाने फारसा फरक पडत नाही.

आता नावाचा घोळ. सिडर म्हटलं की आपल्याला देवदार आठवतो, आणि हिमालयातला देवदार हा खरोखरच वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने सिडर आहे. गिटारच्या टॉपचं "वेस्टर्न रेड सिडर" मात्र उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचं, सायप्रस वृक्षाच्या कुळातलं झाड. गिटारच्या नेकसाठी (दांड्यासाठी) वापरतात ते "स्पॅनिश सिडर" तिसरंच. ते महोगनीच्या कुळातलं, म्हणजे आपल्याकडे सतारी ज्यापासून बनतात त्या तुणीचं नातेवाईक. स्प्रूसच्या नावात असा गोंधळ नाही. युरोपातल्या, विशेषतः आल्प्सच्या थंडीत सावकाश वाढलेल्या स्प्रूसला गिटार बनवणारे मानतात, आणि अमेरिकेतलं एंगलमन स्प्रूसही खूप चालतं.

डोळ्यांनी ओळखणं नवीन गिटारमध्ये सोपं आहे. स्प्रूस सायीसारखं फिकट, सिडर तांबूस-तपकिरी. पण उजेडात वर्षं गेली की स्प्रूस मधासारखं पिवळसर होतं, आणि काही कंपन्या नव्या स्प्रूसवरच तसा रंग चढवतात. अशा वेळी नाक साउंडहोलजवळ न्या. सिडरला स्वतःचा एक तिखटसर वास असतो.

आवाजातला फरक ऐकायचा असेल तर बाकी सगळं सारखं असलेल्या दोन गिटार मिळायला हव्यात, आणि सुदैवाने तशी जोडी आहे: यामाहाच्या सीजी १२२ एमसी आणि सीजी १२२ एमएस. पहिलीचा टॉप सॉलिड सिडरचा, दुसरीचा सॉलिड एंगलमन स्प्रूसचा. दोन्हींची तारेची लांबी ६५० मिलिमीटर. एका दुकानात दोन्ही मिळाल्या तर संधी सोडू नका.

सिडर लगेच बोलतं. हलका हात लावला तरी सूर भरून येतो, ऊबदार आणि गोल. प्लायवुडवरून आलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत सिडरच जिंकतं, माझंही तसंच झालं होतं. स्प्रूस सुरुवातीला थोडं कोरडं, आखडलेलं वाटतं. पण जोर वाढवत नेला की सिडर एका टप्प्यावर थांबतं, पुढे आवाज वाढण्याऐवजी सूर फाटायला लागतो. स्प्रूस तिथून पुढेही जातं. शिवाय दोन-तीन सुरावटी एकाच वेळी चालू असताना स्प्रूसमध्ये प्रत्येक सूर वेगळा ऐकू येतो. बाखच्या रचना वाजवणाऱ्याला हे फार महत्त्वाचं. नवं स्प्रूस वाजवता वाजवता महिन्या-वर्षांत मोकळं होतं असा वादकांचा अनुभव आहे. सिडर मात्र पहिल्या दिवसापासून जवळपास तयार असतं.

हे सगळं ठोकळमानाने. टॉपची जाडी आणि त्याच्या आतल्या पट्ट्यांची रचना लाकडाइतकीच, कधी त्याहून जास्त बोलते. स्पेनचा विख्यात गिटारवादक आंद्रेस सेगोव्हिया याने दोन्ही वाजवलं. जर्मनीच्या हेर्मान हाउजरने १९३७ मध्ये बनवलेली स्प्रूसची गिटार त्याने सुमारे पंचवीस वर्षं मैफलीत वापरली (आता ती न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे), आणि पुढे माद्रिदच्या रामीरेझची. रामीरेझच्या कार्यशाळेनेच १९६० च्या दशकात सिडर प्रचारात आणलं. त्याआधी चांगली क्लासिकल गिटार म्हणजे स्प्रूसचीच.

मग दुकानात काय करायचं? दोन्ही गिटारवर एकच तुकडा वाजवा, आधी अगदी हळू, मग रेस्ट स्ट्रोकने (तार छेडून बोट शेजारच्या तारेवर टेकवत) होईल तितका जोरात. बोटं ब्रिजजवळ (टॉपवर तारा जिथे बांधलेल्या असतात तिथे) नेऊन आणि साउंडहोलवर आणून सूर किती बदलतो ते ऐका. मग गिटार दुसऱ्या कुणाच्या हातात द्या आणि समोर तीन मीटरवर बसा, कारण वाजवणाऱ्याच्या कानाशी येणारा आवाज वेगळाच असतो. घरात, रात्री, स्वतःसाठी वाजवणाऱ्याला मी सिडर सुचवेन. हात अजून घडवायचा आहे, परीक्षा द्यायच्या आहेत, त्याने स्प्रूस घ्यावं. सिडर खूप काही आयतं देतं. स्प्रूसवर हाताची चूक लगेच ऐकू येते, आणि शिकताना ती ऐकू यायलाच हवी.

पाठ आणि बाजूंच्या लाकडावर मी फार वेळ घालवणार नाही. फक्त एक सांगतो, जगभरच्या चांगल्या गिटारची पाठ बरेचदा आपल्या दक्षिणेकडच्या शिसवीची असते.

सिडर मऊ असतं. नखाने दाबलं तरी खळगा पडतो, शर्टाच्या बटणानेही ओरखडा उठतो. पावसाळ्याची काळजी मात्र दोन्हींना सारखीच. सॉलिड टॉप दमट हवेत पाणी पितो आणि फुगतो, ब्रिज वर उचलला जातो, तारा फ्रेटपासून (दांड्यावरच्या पडद्यांपासून) लांब जातात. मुंबई-कोकण-गोव्यात जून ते सप्टेंबर गिटार भिंतीवर टांगू नका. केसमध्ये सिलिका जेल आणि साधा आर्द्रतामापक ठेवा, आणि काटा ४५ ते ५५ टक्क्यांच्या आसपास राहील असं पाहा. देशावर एप्रिल-मेमध्ये उलटं होतं. तेव्हा केसमध्ये ओलाव्याची सोय करावी लागते, नाहीतर टॉपला चीर जाते.