टारझन मोकळा झाला, पण नेमका कोणता?

'टारझन आता प्रताधिकारमुक्त आहे,' असं एक जण म्हणतो. दुसरा लगेच म्हणतो, 'छे, त्याचा ट्रेडमार्क आहे.' दोघांचंही बरोबर असतं, कारण दोघं दोन वेगळ्या हक्कांबद्दल बोलत असतात.

कॉपीराइट, म्हणजेच प्रताधिकार, असतो तो मजकुरावर. एडगर राइस बरोजची पहिली टारझनकथा ऑक्टोबर १९१२ च्या 'ऑल-स्टोरी' मासिकात आली. हा हक्क कधीतरी संपतो. भारतात तो लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. बरोज १९५० साली गेला, त्यामुळे त्याच्या हयातीत छापलेलं सगळं १ जानेवारी २०११ पासून आपल्याकडे खुलं आहे. अमेरिकेत मात्र त्या काळच्या पुस्तकांचं गणित प्रकाशनापासून ९५ वर्षांचं. पहिली कादंबरी तिथे कधीच सुटली. १९३० च्या दशकातल्या उशिराच्या कादंबऱ्या एकेक करून सुटतील. म्हणून मराठी अनुवादाचं ई-बुक अमेरिकेतही विकायचं असेल, तर मूळ पुस्तकाचं साल आधी बघा. आणि जुना मराठी अनुवाद उचलून छापू नका. मूळ मोकळं असलं तरी अनुवादकाचा हक्क वेगळा मोजतात. इथे भलेभले फसतात.

ट्रेडमार्क असतो तो बाजारातल्या ओळखीवर: हा माल कुणाचा, हे गिऱ्हाइकाला कळावं म्हणून. बरोजने १९२३ मध्येच स्वतःच्या नावाची कंपनी काढली (लेखक म्हणून जेवढा, तेवढाच तो धंद्यालाही पक्का होता) आणि टारझन हे नाव तिने जपलं. भारतात ट्रेडमार्कची नोंदणी दर दहा वर्षांनी नवी करता येते, कितीही वेळा. म्हणजे कथेत 'टारझन' लिहिणं वेगळं आणि मुखपृष्ठावर ठळक अक्षरात ते नाव लावून पुस्तक, खेळणी, टी-शर्ट विकणं वेगळं. अमेरिकेत डायनामाइट या कॉमिक्सवाल्यांनी शीर्षकात टारझन न घालता 'लॉर्ड ऑफ द जंगल' असं नाव दिलं, तरी २०१२ मध्ये बरोजच्या कंपनीने त्यांना कोर्टात खेचलंच. २०१४ मध्ये तडजोड झाली, त्यामुळे न्यायालयाचा निवाडा काही मिळाला नाही. त्याआधी, २००३ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने डास्टार खटल्यात बजावलं होतं की संपलेला कॉपीराइट ट्रेडमार्कच्या मागच्या दाराने जिवंत ठेवता येणार नाही. पण हे वाक्य हाती असलं तरी वकिलाची फी चुकत नाही.

आणखी एक गफलत सिनेमाची. चीता हे चिंपांझी बरोजच्या कादंबऱ्यांत नाहीच, ते पडद्यावरून आलं. पुस्तकातला टारझन तोडकंमोडकं बोलत नाही. आधी फ्रेंच शिकतो, मग इंग्रजीही अस्खलित बोलतो. आपल्या डोक्यातला टारझन बहुतेक १९३२ च्या एमजीएमच्या सिनेमातला आहे, आणि त्या सिनेमाचा अमेरिकेतला हक्क २०२७ संपेपर्यंत चालतो. टारझनची ती प्रसिद्ध आरोळी तर तिथे ध्वनी-ट्रेडमार्क म्हणूनही नोंदली गेली होती.